मैदानावर बसवलेली मेंढरं

युवक केंद्राची तपासणी उरकून ब्लॉकच्या साहेबाची जीप मानवतच्या रस्त्याला लागली. तिची धूळ अजून खाली बसली नव्हती. सरपंच माझ्याकडं वळले आन म्हणाले, "काढ."

मला कळलं नाही. हातात लेझीम होती. अंग घामानं भिजलेलं. साहेबानं आत्ताच पाठ थोपटली होती, ती जागा अजून ऊन लागत होती.

"काय काढू, मालक?"

"कपडे काढ. सरकारी हायत."

पांढरा सदरा, खाकी चड्डी, कॅनव्हासचे बूट. ब्लॉकच्या हापिसातून युवक केंद्रासाठी आलेले. वीस जोड. बाकीचे एकोणीस जण आपापल्या घरी पळाले, बदलून आणायला. त्यांना गावात घरं होती. माझं धोतर चावडीत खुंटीला होतं, शंभर पावलांवर. मी तिकडं निघालो तर सरपंचांनी दंड धरला.

"तिकडं न्हाई. हितंच काढ. तुमच्या लोकांचा पाय कुठं एका जागी ठरतो? आज हितं, उद्या गोदेच्या पल्याड. बूट घालून गेलास तर तुला हुडकावं कुठं?"

पन्नासेक माणसं उभी होती. शाळेची पोरं होती. आडावर पाणी शेंदणाऱ्या बायांनी हात थांबवले होते. सरपंचांचा धाकटा परभणीला हायस्कुलात होता, सुट्टीला आलेला, माझ्याच वयाचा, अठराचा. तो वरडला, "या रं या, मेंढरू कातरायलेत!"

मी बूट काढले. सदरा काढला. चड्डी काढली. लंगोटीवर उभा राहिलो.

लाज झाकायला दुसरं काही नव्हतं म्हणून लेझीम पुढं धरली. आन हात कापायला लागले. लेझीम वाजायला लागली. मी घट्ट धरली तशी जास्तच वाजली. खाली टाकावी तर उघडा पडतो, धरावी तर वाजती. लोक पोट धरून हसले. कुणीतरी म्हणालं, "सायब गेला तरी ह्याचं नाचणं सरंना."

कपड्यांची घडी मी नीट घातली. बूट पुसून त्यावर ठेवले. मालकांच्या हातात दिले. आन म्हणालो, "उपकार झाले मालक. एवढा वेळ तरी अंगाला लागले."

कपडे त्यांनी काढायला लावले. ते त्यांचं पाप. पण हे वाक्य माझं. ते मला कुणी बोलायला लावलं नव्हतं. कपड्यांचं मी विसरेन एखाद्या दिवशी. वाक्याचं नाही.

आमी मेंढरंवाले. बोरीकडचे. दिवाळी झाली की बिऱ्हाड घोड्यावर घालायचं आन मेंढरं घेऊन खालच्या काळ्या रानांकडं उतरायचं. मानवत, पाथरीकडं. पावसाळ्याच्या तोंडाला परत वर. बोरीच्या शाळेत मी चार वर्षं होतो म्हणतात, पण तो पावसाळ्यापुरता. दिवाळीनंतर शाळा जागेवर राहायची आन मी चालायला लागायचो. पहिलं साल उर्दूचं. अलिफ, बे शिकलो. मग निजामाचं राज्य गेलं आन दुसऱ्या साली मास्तर म्हणाले, आता अ, आ. दोन्ही अर्धं अर्धं. चौथीत नाव कटलं. तेव्हापासून रस्त्यात जो कागद सापडंल तो वाचायचा. पुडीचा, विडीच्या बंडलाचा, कचेरीच्या भिंतीवरचा. वाचून झाला की भाकरी दिसावी आन हात पोचू नये तसं व्हायचं.

राज्य बदलून आठ-नऊ वर्षं झाली असतील. आमचा तळ मानवतपासून दोन कोसांवरच्या एका गावाशी होता. तिथं जीप आली. साहेबानं चावडीपुढं उभं राहून सांगितलं, शाळा सुटलेल्या तरुणांसाठी सरकार युवक केंद्र काढतंय. संध्याकाळचा वर्ग. सातवीच्या परीक्षेला बाहेरून बसता येईल. वाचायला पुस्तकांची पेटी. खेळायला मैदान. जागा ग्रामपंचायतीनं सरकारी गायरानातून द्यायची, बाकी सामान सरकारचं. अट एवढीच की गावात शाळा सुटलेले वीस तरुण पाहिजेत.

जमीनवाल्यांची पोरं मानवतला, परभणीला शिकत होती. शाळा सुटलेले म्हणजे गावातले मजूर, गडी आन तळावरचा मी. म्हणून आमी लागलो. वीस नावं झाली. एकोणीस अंगठे, एक सही. ती माझी. साहेबानं मला चिटणीस केलं.

सातवी! तेव्हा सातवी झालेला माणूस मास्तर होत होता, तलाठी होत होता. एका जागी खुर्चीवर बसत होता. मी बाला सांगितलं, तळ हलला तरी मी हितंच ऱ्हाणार. बा म्हणाला, "ऱ्हा. पन जेवून ऱ्हा."

मी चावडीत झोपायचो. केंद्र झाडायचो, पाणी भरायचो, मैदानावर चुन्याच्या रेघा मारायचो. सरपंचांची गुरंही बघायचो. ते कुणी सांगितलं नव्हतं, पण आपल्याला ठेवून घेतलंय तर करावं, असं वाटायचं. सकाळी उठलं की पहिली भीती एकच. आज हाकलतील का?

मास्तर तीन संध्याकाळी आले. अपूर्णांक सुरू केले. चौथ्या दिवशी मी कंदील आणायला गेलो तर कंदील मालकांच्या गोठ्यात. गाय व्याली होती. कंदील परत आला नाही. मास्तरही नाही. पुस्तकांची पेटी मालकांच्या माडीवर गेली, वाळवी लागेल म्हणून. मी एकदा धीर करून मागितलं.

"कोनतं पायजे?" मालक म्हणाले.

"कोनतं बी द्या."

"कोनतं बी म्हणणाऱ्याला पुस्तक देत नसत्यात."

मला ते खरं वाटलं. मी विचार करत बसलो, की पेटी बघितल्याबिगर कोणतं पाहिजे ते सांगायचं कसं? चूक माझीच वाटली.

मग ती पहिली तपासणी झाली. लेझीम झाली. कपडे झाले. आन मी गाव सोडून गेलो नाही. लोक आता विचारतात, का गेला नाहीस? सातवीचा फार्म सरपंचांकडं होता. त्यावर त्यांची सही लागत होती. "दसऱ्यानंतर वर्ग पुन्हा सुरू करू, फार्म माझ्याजवळ हाय," असं ते म्हणाले होते. त्या एका कागदावर मी बांधलेला होतो.

माघात एक दिवस मालकांनी ओसरीवर बोलावलं. बसायला सांगितलं. चहा दिला, कपात. माझ्या हातात कप पहिल्यांदाच आला होता, धरावा कसा तेच कळंना.

मालक म्हणाले, "मैदान लय उखडलंय रं. खड्डे हायत, पोरं पाय मोडून घ्यायचे. तुज्या बाला म्हन, मेंढरं आनून बसव. इतके पाय पडले की जमीन बसती. गावचं काम हाय. तुज्या केंद्राचंच हाय की."

मेंढरं बसवायची म्हणजे काय ते सांगतो. शेतकऱ्याच्या रिकाम्या रानात वाघर ठोकायची, म्हणजे दोरीची जाळी. सांजेला कळप आत घालायचा. रात्रभर मेंढरांची लेंडी, मूत मातीत मुरतं. दुसऱ्या दिवशी जाळी पुढच्या तुकड्यावर. असं सगळं रान होतं. मग त्या रानात काय पीक येतं ते बघावं. बदल्यात शेतकरी ज्वारी देतो. त्या ज्वारीवर आमचं वर्ष जातं.

मी तळावर गेलो. बाला सांगितलं. ज्वारी मिळणार नाही हेही सांगितलं, सरकारी काम हाय म्हणून.

बानं विचारलं, "खेळायच्या जाग्यावर मेंढरं?"

"जमीन बसती म्हनं."

"कुनी सांगितलं? मेंढरांनी जमीन बसत न्हाई रं. मेंढरांनी जमीन उठती. ज्याला पेरायचं असतं तो मेंढरं बसवतो."

मी बावर भडकलो. त्याला म्हणालो, "तुला काय कळतं? शाळंत गेलायस का कधी? सरपंच सांगत्यात, सायब सांगत्यात, ते येडे आन तू शाना?"

माय भाकरी थापत होती. ती म्हणाली, "बापाला शाळा शिकवायलास व्हय रं?"

बानं तिला हातानं गप केलं. मला म्हणाला, "त्यानं तुजी सातवी हुईल का?"

"हुईल."

"मग बसवतो."

एकवीस दिवस त्या मैदानावर आमची मेंढरं बसली. एका कोपऱ्यापासून दुसऱ्यापर्यंत. बानं एक हातभर जागा सोडली नाही. दुसऱ्या रानांची बोलावणी आली ती त्यानं परत पाठवली. त्या वर्षी मायनं चुलीवर पातळ आंबिल जास्त शिजवली. मी चावडीतून रोज बघायला जायचो आन मनात म्हणायचो, बघा, आमी बी गावासाठी काहीतरी केलं. आता आमालाही गावचं म्हणतील.

चैत्रात सरपंचांचे बैल मैदानात उतरले.

नांगर. मोठा. चार बैली. व्हॉलीबॉलचे दोन्ही खांब उपटून गाडीत घातले होते, ते गोठ्याला लागले. मैदानाला लागूनच मालकांचं रान. मधला बांध फोडून टाकला होता. गायरानाचं मैदान आन त्यांचं रान, एकच झालं.

मी पळत गेलो. "मालक, हे मैदान हाय."

"व्हय की. सपाट करायलोय," मालक म्हणाले आन गडी हसले. मग त्यांनी मला न्याहाळलं. "लय रग असंल खेळायची तर ये. ढेकळं फोड."

आन मी फोडली. दिवसभर. हे लिहायला हात होत नाही, पण लिहितो. फार्म त्यांच्याकडं होता. मी त्या मैदानाची ढेकळं माझ्या हातानं फोडली.

दिवस कलताना बा कळप घेऊन त्या वाटेनं आला. थांबला. नांगरट बघितली, माझ्या हातातली कुदळ बघितली. मला वाटलं आता म्हणंल, सांगितलं होतं तुला. म्हणावं असं लय वाटलं. शिवी द्यावी, काठी घालावी. तो खाली वाकला, मूठभर माती उचलली, नाकाला लावली. मेंढरंवाला असंच बघतो.

"चांगली झालीय," म्हणाला. आन मेंढरं हाकलत पुढं गेला.

मी तिथंच बसलो. डोळ्यांत पाणी आलं नाही. रडून हलकं होण्यासारखं ते नव्हतं. उघडं तर मला माघाच्या आधीच केलं होतं. तेव्हा एकटा मी उघडा झालो. ह्या खेपेला मी माझ्या बाला उघडं केलं होतं.

पावसाळ्यात तळ वर बोरीकडं गेला. मी राहिलो. चावडीत, गोठ्यात, त्याच फार्मच्या आशेवर. रानात कापूस आला. आन मग रानानंच चहाडी केली. सरपंचांचं जुनं रान होतं तिथं कापूस गुडघ्याला. मैदान होतं तिथं कमरेला. हिरवा नाही, काळा वाटावा असा हिरवा. बांध फोडला तरी सीमा दिसत होती. चारी कडा सरळ. एका बाजूला मेंढरं बसली होती, एका बाजूला नव्हती. आंधळ्यालाही हात लावून कळलं असतं.

दसऱ्यानंतर वर्ग सुरू झाला नाही. तपासणी आली.

मालकांनी शाळेपुढच्या अंगणात चुन्याच्या रेघा मारून घेतल्या. गोठ्याचे खांब काढून तिथं रोवले, जाळी ताणली. माडीवरून कपड्यांची पेटी आली. माझा जोड माझ्यापुढं टाकला.

"घाल. लौकर. सायब येशीत आलाय."

मी सदरा उचलला. कुणी धुतला नव्हता. दहा महिन्यांपूर्वीचा घाम तसाच वाळला होता. माझाच वास. त्या वासाबरोबर लेझीम वाजायला लागली डोक्यात.

मी सदरा खाली ठेवला. "न्हाई घालत."

"का?"

"घातल्यावर काढावे लागत्यात."

मालकांना आधी ऐकूच आलं नाही असं वाटलं. मग ते हळू आवाजात म्हणाले, "फार्म इसरलास का?"

इसरलो नव्हतो. सातवी हातातून जाताना मला दिसत होती, साफ दिसत होती. खुंटीवरची घोंगडी घेतली, अंगावर टाकली, आन बाहेर जाऊन उभा राहिलो.

साहेब उतरला. तोच साहेब. "आपले चिटणीस कुठे आहेत?" त्यानं विचारलं. मला बघून म्हणाला, "गणवेश नाही घातला?"

मी म्हणालो, "सायब, मैदान हितं न्हाई. चला, दावतो."

"रानात वाढलेलं हाय सायब, त्याचं मनावर घेऊ नगा," मालक हसत म्हणाले. धाकटा पुढं झाला होता, त्याला त्यांनी डोळ्यानं मागं सारलं.

मी चालायला लागलो. मागं वळून बघितलं नाही. साहेब आला नसता तर मी काय करणार होतो, मला माहीत नाही. पण तो आला. दोनशे पावलं. मागं अख्खं गाव.

रानाच्या कडंला मी उभा राहिलो. "हे गुडघ्याचं मालकांचं. हे कमरेचं मैदान. माझ्या बाची मेंढरं बसली व्हती हितं, एकवीस दिवस. मीच बसवली, माझ्या तोंडानं सांगून."

साहेब शेतकऱ्याच्या घरचा असणार. त्यानं एकदा डावीकडं बघितलं, एकदा उजवीकडं. त्याला कळलं. पैजेवर सांगतो, कळलं. मग तो आपल्या बुटांकडं बघायला लागला.

"लेखी द्या," म्हणाला.

त्यानं वहीचा कागद फाडून दिला. मी गुडघ्यावर ठेवून लिहिला. सात ओळी. किती वेळ लागला ते विचारू नका. सगळं गाव उभं, आन मी एकेक अक्षर जोडतोय. मालक म्हणाले, "सायब, चहा निवायलाय." मी मान वर केली नाही. हात कापत होते. पण ह्या खेपेला हातात लेझीम नव्हती, म्हणून कुणाला ऐकू आलं नाही.

सही केली. म्हणालो, "अजून एक कागद द्या. नक्कल माझ्याजवळ पायजे." तीही तशीच लिहिली.

साहेबानं माझा कागद घडी करून खिशात घातला. आन चहाला गेला.

बस. एवढंच झालं. मैदान सुटलं नाही. कुणी मोजायला आलं नाही. दुसऱ्या सकाळी मालकांनी माझी वळकटी चावडीच्या पायऱ्यांवर ठेवली. फार्मचं मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. मी वेशीबाहेर, बाची वाट बघत, एका बाभळीखाली पंधरा दिवस काढले.

दिवाळीनंतर तळ आला. तोपर्यंत पाच गावांत निरोप फिरला होता. ह्याची मेंढरं बसवू नका, ह्याचं पोरगं सायबाला रानं दाखवतं. ज्यांनी दहा दहा वर्षं हात जोडून बोलावलं ते बांधावरून हात हलवून 'पुढं व्हा' म्हणायले. आडावर पाणी नाही. रानात थारा नाही. रस्त्याच्या कडेची कुसळं खाऊन मेंढरं हाडाला लागली. कोकरं दूध नाही म्हणून मेली. माय एकेक कोकरू ओच्यात घेऊन बसायची, थंड होईपर्यंत.

बा मला रोज एकच विचारायचा. "तुज्या दरखास्तीला जवाब आला का रं?"

खाणारं एक तोंड तरी कमी व्हावं म्हणून मी तळ सोडला. हे मी लांबून लिहितोय. धरणाचं काम चाललंय तिकडं मी दगड फोडतो. इथं मला कुणी ओळखत नाही. मुकादमानं पहिल्या दिवशी काम दिलं तर तोंडातून निघालंच, "उपकार झाले." दिवसभर स्वतःची जीभ चावावी वाटली. सवय लय खोल असते. अजूनही कुणी खाटेवर बस म्हणालं तर मी आधी आजूबाजूला बघतो. आईबाप त्या पाच गावांच्या बाहेरून कुठून कुठं गेले असतील, मेंढरं किती राहिली असतील, ह्या विचारानं घास उतरत नाही. सातवी? सातवीचं वय गेलं.

पण नक्कल माझ्याजवळ आहे. घोंगडीच्या कोपऱ्यात शिवलेली.

दर महिन्याला मी ब्लॉकच्या हापिसाला एक अर्ज टाकतो. पहिल्या अर्जात 'कृपा करून' असं चार वेळा होतं. मग तीन. आता एकदाही नाही. अर्जाच्या शेवटी 'आपला आज्ञाधारक' लिहायची रीत आहे. ते मी लिहीत नाही. कुणाची आज्ञा? मैदान सरकारनं आमच्या नावावर दिलं होतं. वीस नावांवर. एकोणीस अंगठे, एक सही. ते कुणी उसनं दिलेलं नव्हतं, की जीप गेली की काढून घ्यावं.

उत्तर येत नाही. आता येईल असं वाटतही नाही.

मागच्या आठवड्यात बोरीकडचा एक माणूस कामावर आला. त्याच्याबरोबर बाला निरोप धाडलाय. ह्या दिवाळीला मी येतो. राहिलेली मेंढरं घेऊन आपण त्याच गावाला जायचं. त्या चौकोनात कापूस उभा असंल. वाघर घेऊ नको. मेंढरं बसवायची नाहीत. चारायची आहेत.

आजचा अर्ज चार ओळींचा. मैदान मोजून मोकळं करा. पुस्तकांची पेटी खाली आणा. मास्तर पाठवा. दिवाळीपर्यंत हे झालं नाही तर सरकारी मैदानावर आमी आमची मेंढरं घालणार, पाल्याचं एक पान शिल्लक ठेवणार नाही, कुणी अडवायला येईल त्यानं मैदानाचा कागद घेऊन यावं.

खाली सही. माझी. पूर्ण.